हिरवळ कोणत्या पाण्यावर? इंदूरच्या नळाची, विहिरीची आणि गवताची गोष्ट

पोस्ट जरा लांब आहे, सवडीने वाचा.

आमच्या सोसायटीला यंदा पंचवीस वर्षं पूर्ण होतायत. त्यानिमित्त मधल्या मोकळ्या जागेत लॉन घालायचं चाललंय. जागा साधारण पाच हजार चौरस फूट. नर्सरीवाला चटईसारखं गुंडाळलेलं तयार गवत आणून अंथरणार, तो त्याला कार्पेट म्हणतो. एका दिवसात सगळं हिरवं. अट एकच, पहिले पंधरा-वीस दिवस पाणी तोडायचं नाही. आणि महिना मे चा, जिल्हा जलअभावग्रस्त जाहीर झालेला, नर्मदा एक दिवसाआड. बाहेरगावच्या मंडळींसाठी सांगतो, इंदुरात नळाला नर्मदाच म्हणतात. "आज नर्मदा आली का?" असंच विचारतात.

रविवारी बैठक आहे. तिथे पाच मिनिटांत बोलून होणार नाही, म्हणून इथे लिहितोय. शिवाय गवताला कोणतं पाणी द्यायचं, हा प्रश्न आपल्या गावात काही आजचा नाही.

आधी हिशेब. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. आपली जागा सुमारे ४६५ चौरस मीटर. मे महिन्यात माळव्यातली लू सुरू असताना नव्या गवताला रोज सात-आठ मिलिमीटर तरी लागणार. म्हणजे दिवसाला साडेतीन हजार लिटरच्या वर. शहरात माणशी रोज १३५ लिटर हे सरकारी प्रमाण धरलं, तर हे सत्तावीस माणसांचं पाणी झालं. आणि मे मध्ये पाणी कमी करूनही चालत नाही. कापून आणलेल्या गवताची मुळं तुटलेली असतात, खाली जेमतेम इंचभर माती. नवी मुळं जमिनीत उतरेपर्यंत ते त्या इंचावरच जगतं. एक दुपार चुकली की कडा आकसतात, पट्ट्यांमध्ये फटी पडतात. रुजलेल्या दूर्वांचं तसं नसतं. त्या उन्हाळ्यात वाळून पिवळ्या पडतात, पण जमिनीखालचे कोंब जिवंत असतात, पहिल्या पावसात परत हिरव्या होतात. खजराण्याच्या गणपतीला आपण जी दूर्वा वाहतो, तीच ही हरळी.

माळव्याची ख्याती पावलोपावली पाण्याची. पण वर काळी माती आणि खाली बेसॉल्टचा काळा खडक, पाणी साठतं ते खडकाच्या भेगांत. म्हणून होळकरांच्या काळात विहिरी, बावड्या आणि तलाव यांच्यावर भिस्त होती. सिरपूर, बिलावली, पिपल्यापाला हे तलाव आपण सगळ्यांनी पाहिलेत. गंभीर नदीवरचा यशवंत सागर १९३० च्या दशकाच्या शेवटी झाला. कातरलेल्या हिरवळीचा शौक आला तो रेसिडेन्सी, डेली कॉलेज, लालबाग अशा आवारांतून. लालबाग तर कान्ह नदीच्या काठावरच. पण ती मोठी आवारं, माळ्यांची फौज पदरी असणारी. सामान्य वाड्यांत लॉन नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नाही.

आमच्या वाड्यात मोरीच्या मागे अळू आणि केळ होती. भांड्यांचं, अंघोळीचं पाणी तिकडे जायचं. तांदळाचं धुवण कुंड्यांना. तुळशीला मात्र तांब्याभर चांगलं पाणी, तेवढंच. आजी म्हणायची, "पिण्याचं पाणी झाडाला घालायचं नाही, झाडाला चव कळत नाही." त्यात काही थोर विचार नव्हता. ओढून आणलेलं पाणी दोनदा वापरायचं, एवढंच.

गंमत म्हणजे हेच एका स्कॉटिश माणसाने इंदूर दरबारला लिहून दिलं होतं. पॅट्रिक गेडिस. प्लेग आणि हिवतापाने गाव बेजार असताना दरबाराने त्यांना बोलावलं. त्यांचा इंदूरच्या नगररचनेचा अहवाल १९१८ साली दोन खंडांत छापला गेला. दिवाळीत त्यांनी प्लेगच्या राक्षसाची आणि उंदराची मिरवणूक काढली होती, हा किस्सा पुष्कळांना माहीत आहे. पण अहवालातला एक मुद्दा लोक विसरतात. मैला आणि सांडपाणी नदीत सोडू नका, गावातल्या बागांकडे वळवा, असा त्यांचा आग्रह होता. घाण गेली पाहिजे ती मातीत, आणि त्यातून हिरवं उगवलं पाहिजे.

दुसरा धडाही इंदूरचाच. १९२४ ते १९३१ या काळात इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्रीचे संचालक होते अल्बर्ट हॉवर्ड. आज तिथे कृषी महाविद्यालय आहे. पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर लावून, खालवर करून सुमारे तीन महिन्यांत खत तयार करायची पद्धत त्यांनी बसवली. जगभर ती 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. १९३१ साली त्यावर जे पुस्तक निघालं, त्यावर हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड यांचं नाव आहे. १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी गांधीजी इंदुरात आले तेव्हा तेही हे काम पाहायला गेले होते. असं खत मातीत असलं की माती पाणी धरून ठेवते. लॉनवाल्यांनी पाण्याच्या आधी मातीचा विचार करावा, तो यासाठी.

मग गाव वाढलं आणि तलाव पुरेनात. १९७० चं 'नर्मदा लाओ' आंदोलन इथल्या अनेकांच्या आईवडिलांनी पाहिलंय, काहींनी त्यात घोषणाही दिल्यात. अभ्यास मंडळ आणि मुकुंद कुलकर्णी यांची नावं आपल्या घराघरांत होती. सगळ्या पक्षांची माणसं त्यात उतरली. नर्मदेचं पाणी प्रत्यक्ष आलं १९७८ साली.

हे पाणी येतं कसं, ते लक्षात घ्या. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून साधारण सत्तर किलोमीटर. मध्ये विंध्याचा कडा. पंपांनी टप्प्याटप्प्याने पाचशे मीटरहून जास्त उंच चढवून ते वांचू पॉइंटला आणायचं, मग उताराने शहराकडे. यात विजेचा खर्च एवढा की २०२३ मध्ये महापालिकेने २४४ कोटींचे हरित रोखे काढले, जलूदला ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारायला. अशा पाण्याची नळी मे महिन्यात गवतावर सोडायची का, हा माझा पहिला प्रश्न.

"नर्मदा नको, आपलं बोअरिंग आहे ना," असं मागच्या बैठकीत एक जण म्हणाले. बोअरिंग आपलं, पण खडकातली भेग आपल्या कंपाउंडपाशी थांबत नाही. भिंतीपलीकडच्या वस्तीतला हातपंप एप्रिलपासूनच दम टाकतो. आपल्याकडे कामाला येणाऱ्या बायका तिथेच राहतात, टँकरच्या रांगेत उभं राहावं लागलं की उशिरा येतात, आणि उशीर झाला म्हणून आपणच कुरकुरतो. मध्य प्रदेशचा पेयजल परिरक्षण कायदा १९८६ पासून आहे. क्षेत्र जलअभावग्रस्त जाहीर झालं की परवानगीशिवाय नवं बोअरिंग करता येत नाही आणि घरगुती वापर सोडून इतर कामांना पाणी घेण्यावर बंधनं येतात. कलेक्टरसाहेबांचा कागद आला की आपण त्याला कटकट म्हणतो. त्या कागदात मला तरी आजीचंच बोलणं दिसतं.

आता माझं म्हणणं. लॉन नको असं मी म्हणत नाही. मुलांना खेळायला, म्हाताऱ्यांना अनवाणी चालायला हिरवळ हवीच. फक्त ती आषाढात घालू.

मे मध्ये जमीन तयार करायची. काळ्या मातीत पाणी साचतं, म्हणून उतार काढायचा, वाळू मिसळायची. फाल्गुनातल्या पानगळीचा ढीग मागच्या कोपऱ्यात पडून आहे, त्याचं खत करायचं. असलेली झाडं जगवायला महापालिकेकडे प्रक्रिया केलेलं सांडपाणी मागायचं. २०२१ मध्ये इंदूर देशातलं पहिलं 'वॉटर प्लस' शहर ठरलं ते सांडपाण्याच्या कामामुळेच, आणि शहरातल्या बागांना ते पाणी दिलं जातं. म्हणजे गेडिस सांगून गेले ते शंभर वर्षांनी का होईना, होतंय. मग पहिले दोन-तीन जोरदार पाऊस होऊ द्यायचे, वाफसा आला की गवत अंथरायचं. दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतील. उघडीप पडली तरच पाणी द्यायचं.

पंचविशीचा कार्यक्रम जूनऐवजी गणेशोत्सवात घेऊ. तोवर हिरवळ पाय ठेवण्याजोगी झालेली असेल. बाजूला एक वाफा साध्या दूर्वांचा ठेवू, एकवीस जुड्या घरच्याच निघतील.

सोसायटीतल्या ज्यांनी इथवर वाचलं, त्यांनी रविवारी नक्की या. आणि बडोदा, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबादकडच्या मंडळींनो, तुमच्या वाड्यांत झाडांना कुठलं पाणी जायचं, ते खाली लिहा. बैठकीत वाचून दाखवीन.