नव्याचे नऊ दिवस

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तलवारी, तह आणि तख्ते उभी राहतात. वसईकराला तर ही सवय अंमळ अधिकच. १७३९ साली चिमाजीअप्पांनी जिंकलेला किल्ला आमच्या उमेळ्याहून काही फार लांब नाही, आणि चार माणसे गप्पांना बसली की पाचवा तो येऊन बसतोच. पण राज्यांना जसा इतिहास असतो तसा खेळण्यांनाही असतो. घरातला मुलगा जेवणाच्या ताटावरदेखील ज्या मोबाइलला चिकटून असतो, त्यातल्या खेळामागे आता पन्नासांहून अधिक वर्षांची भरती-ओहोटी जमा झाली आहे. त्या इतिहासात एक वेड पुनःपुन्हा डोकावते. कुणी मागितलेली नसताना एखादी नवी युक्ती येते, खेळांचे प्रकाशक तिच्यामागे धावत सुटतात, कोट्यवधी रुपये ओततात, आणि गिऱ्हाईक मात्र शांतपणे पाठ फिरवते. या वेडाची हकीगत आज सांगायची आहे.

मी काही यंत्रातला जाणकार नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर, आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा. पण कादंबऱ्यांमुळे प्रकाशक ही जात मला ठाऊक आहे, आणि शाळेमुळे खेळणारी पोरे ठाऊक आहेत. या गोष्टीत मुख्य पात्रे हीच दोन.

व्हिडिओ गेमलाही पुस्तकासारखाच प्रकाशक असतो. खेळ रचणारे वेगळे. पैसा घालणारा, जाहिरात करणारा आणि बाजारात आणणारा वेगळा. १९७२ साली अमेरिकेत अटारी कंपनीने ‘पाँग’ आणला, तेव्हापासून या धंद्याला बरकत आली. पाँग म्हणजे काय, तर पडद्यावर दोन रेघा आणि एक ठिपका. ठिपका तटवायचा, एवढेच. तरी लोक त्यावर तुटून पडले. त्यांना यंत्राचे कौतुक होतेच, पण नाणे पुन्हा पुन्हा टाकावेसे वाटले ते चुरशीमुळे. हा भेद पुढे अनेक शहाणी माणसे विसरली.

विसरण्याचा मान काही फक्त परदेशाकडे जात नाही. व्हिडिओ गेम जन्मण्याच्या कितीतरी आधी आपल्या कोल्हापुरात हेच नाटक घडले होते. प्रभात फिल्म कंपनीची स्थापना १९२९ सालची. शांतारामबापू, दामले, फत्तेलाल, धायबर आणि कुलकर्णी हे तिचे मालक. बोलपट नुकता बोलू लागला होता, आणि जगात रंगाची चर्चा सुरू झाली होती. १९३३ साली प्रभातने ‘सैरंध्री’ रंगीत करण्याचा घाट घातला. चित्रण कोल्हापुरात झाले, पण रंगीत प्रती काढण्याची सोय इथे कुठली! त्यासाठी शांतारामबापू जर्मनीला गेले. खर्च झाला, महिने गेले, आणि प्रती हाती आल्या तेव्हा रंग मनाजोगे उतरलेच नव्हते. प्रेक्षकांनीही चित्र उचलून धरले नाही.

मौज अशी की, हेच कथानक बाबूराव पेंटरांनी १९२० साली मूकपटात आणले होते. त्यात ना रंग, ना आवाज. पण त्यातला कीचकवध इतका हुबेहूब वठला होता की सेन्सॉरने तो भाग कापायला लावला. आणि ‘सैरंध्री’नंतर तीनच वर्षांनी, १९३६ साली, त्याच प्रभातने काढलेला ‘संत तुकाराम’ पाहा. काळ्या-पांढऱ्या चित्रात विष्णुपंत पागनीसांचा साधा, भोळा तुकोबा. तो मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला आणि व्हेनिसच्या महोत्सवातही गौरवला गेला. तुकारामाला रंग नव्हता म्हणून कुणी तिकीट परत केल्याचे ऐकिवात नाही.

मग रंग वाईट होता काय? मुळीच नाही. शांतारामबापू जर्मनीहून रिकाम्या हातांनी आले नाहीत. तिथे पाहिलेल्या-शिकलेल्या गोष्टी त्यांनी १९३४ च्या ‘अमृतमंथन’मध्ये कामी लावल्या. आणि १९५५ साली त्यांनीच ‘झनक झनक पायल बाजे’ रंगात न्हाऊन काढला, तेव्हा लोकांनी तो डोक्यावर घेतला. नृत्याच्या त्या चित्राला रंगांची गरज होती, आणि तोवर रंगांची कलाही पिकली होती. अपयश रंगाचे नव्हते. रंग आहे म्हणून चित्र काढण्याचे होते.

आता कोल्हापुरातून थेट जपानात जाऊ. कारण हाच धडा तिकडे एका माणसाने आधी जगाला शिकवला आणि पुढे त्यालाच तो सोडून गेला. निन्टेंडो कंपनीतल्या गुनपेई योकोई यांचे सूत्र मोठे मार्मिक होते: जे तंत्र जुने, स्वस्त आणि सर्वांच्या सवयीचे झाले आहे, तेच घ्या आणि त्याचा नवा उपयोग शोधा. या सूत्रावर १९८९ साली ‘गेम बॉय’ हे हातात धरायचे यंत्र निघाले. त्याच्या पडद्याला रंग नव्हते. त्याच वर्षी अटारीने रंगीत पडद्याचे ‘लिंक्स’ आणले आणि पुढच्या वर्षी सेगाने ‘गेम गिअर’. दोन्ही दिसायला झगझगीत, पण सेल खाण्यात बकासुर. सहा सेल काही तासांत फस्त! गेम बॉय मात्र चार सेलांवर दिवसभर पुरे. पोरांनी निवड केली. गेम बॉय आणि त्याची पुढची रंगीत आवृत्ती मिळून अकरा कोटींहून अधिक यंत्रे खपली.

पुढे जगात ‘आभासी वास्तवा’ची हूल उठली. डोळ्यांना यंत्र लावले की माणूस दुसऱ्याच जगात पोचणार, असे जो तो बोलू लागला. त्या लाटेत १९९५ साली याच योकोईंच्या हातून ‘व्हर्च्युअल बॉय’ निघाले. नाव भारदस्त, प्रत्यक्षात टेबलावर ठेवलेल्या तिवईवरच्या चष्म्यात डोके खुपसून बसायचे, आणि आत काळ्यावर लाल, एवढाच रंग. खेळणाऱ्यांची डोकी दुखू लागली. जगभर मिळून आठ लाखही यंत्रे गेली नाहीत आणि वर्षभरात दुकान बंद झाले. १९९६ साली योकोईंनी कंपनी सोडली, आणि १९९७ साली रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. सूत्र माणसाला ठाऊक असणे वेगळे आणि बाजाराच्या गलबल्यात ते धरून ठेवणे वेगळे, हे या गुणी माणसाच्या आयुष्यावरून दिसते.

त्याच सुमारास आम्ही इकडे काय खेळत होतो? मुंबईच्या मनीष मार्केटातून कुणीतरी आणलेला टीव्ही गेम. जपानात १९८३ साली निघालेल्या यंत्राची ती नक्कल, आणि आम्हांला ती मिळाली नव्वदीच्या दशकात, म्हणजे तिकडे ते यंत्र शिळे झाल्यावर. पिवळ्या कॅसेटवर ‘९९९९९ खेळ’ असे छापलेले असे आणि आत खरे खेळ असत दहा-बारा. ज्या घरात तो असे त्या घरच्या काकूंना दिवाळीत फराळाची ताटे दुप्पट भरावी लागत. शिळ्या तंत्राने आमचे काही अडले नाही. शेजारी बसायला कुणी होते, आणि आपली पाळी कधी येते याची हुरहूर होती.

नव्या शतकात हाच प्रयोग एकदा सरळ आणि एकदा उलटा झाला. २००६ साली निन्टेंडोने ‘वी’ आणले; त्यात हातातली कांडी हलवली की पडद्यावरची बॅट हलते. आजी-नातवाला एकत्र खेळता यावे असे ते खेळ होते, आणि दहा कोटींवर यंत्रे खपली. लगेच इतरांना वाटले, जादू कांडीतच आहे! २०१० साली मायक्रोसॉफ्टने ‘किनेक्ट’ आणले, ज्यात कांडीही नको. समोर उभे राहून हातवारे करायचे. पहिल्या ६० दिवसांत ८० लाख नग गेले. पण नवलाई ओसरल्यावर खेळायचे काय, याला उत्तर नव्हते. २०१३ साली कंपनीने नव्या यंत्राबरोबर किनेक्ट सक्तीने गळ्यात बांधले, त्यापायी किंमत प्रतिस्पर्ध्यापेक्षा १०० डॉलरने चढली, आणि वर्षभरात सक्ती मागे घ्यावी लागली. २०१७ साली उत्पादनच थांबले. सोनीच्या ‘मूव्ह’ या तशाच कांडीसाठी मुंबईच्या ट्राइन कंपनीने गल्ली क्रिकेटचा खेळ रचला होता. कल्पना गोड, पण ज्या देशात खिडकीबाहेर खरीखुरी गल्ली आणि खरेखुरे क्रिकेट आहे, तिथे महागड्या यंत्रापुढे हवेत बॅट फिरवायला किती जण येणार?

मुंबईतच १९९९ साली विशाल गोंडल यांनी ‘इंडियागेम्स’ सुरू केली होती. २००६ साली रिलायन्सच्या अनिल अंबानी समूहाने ‘झपाक’ आणले आणि खेळायची खास केंद्रेही उघडली. २००७ साली ‘यूटीव्ही’ या चित्रपट कंपनीने इंडियागेम्स घेतली, आणि २०१२ साली यूटीव्हीच डिस्नेच्या पोटात गेली. उमेदीची माणसे होती, भांडवल होते. पण उद्याचा खेळ संगणकावर चालणार, केंद्रात चालणार की टीव्हीपुढे, याचाच अदमास घेण्यात वर्षे गेली. आणि २०१६ साली नवी मुंबईच्या ‘गेमेशन’ कंपनीने, विकास जायस्वाल यांनी, काय आणले? लुडो! आपल्या आज्यांनी खेळलेल्या पचिशीची नात. ना चष्मा, ना कांडी. २०२० च्या टाळेबंदीत वसईचा मामा आणि दूरदेशीची भाची त्या ‘लुडो किंग’वर एकमेकांच्या सोंगट्या मारू लागली. इथे तंत्र नव्हते असे नव्हे. स्वस्त इंटरनेट होते, मोबाइल होता. पण ते घरच्या नोकरासारखे मागल्या दाराने आले आणि कामाला लागले.

इतके पाहून प्रकाशक शहाणे झाले असतील, असे कुणाला वाटेल. २०२१ साली ‘एनएफटी’ची लाट आली. सोप्या भाषेत सांगायचे तर संगणकावरच्या चित्राचा सातबारा. चित्र कुणीही पाहावे, पण उताऱ्यावर नाव तुमचे. सातबाऱ्यापायी भावाभावांत काय होते हे आमच्या वसई तालुक्याला कुणी शिकवायला नको! फ्रान्सच्या युबिसॉफ्टने त्या डिसेंबरात खेळातल्या शिरस्त्राणांचे आणि बंदुकांचे असे उतारे देऊ केले. त्यातल्या एका शिरस्त्राणासाठी ६०० तास खेळल्याची अट होती. खेळाडूंनी एवढा निषेध केला की सोय राहिली, गिऱ्हाईक राहिले नाही; चारच महिन्यांत त्या खेळात नवी भर घालणेच कंपनीने थांबवले. २०२२ च्या नववर्षदिनी जपानच्या स्क्वेअर एनिक्सच्या अध्यक्षांनी पत्र लिहून याच वाटेचे गुणगान केले. केवळ मजेसाठी खेळणाऱ्यांना ही कल्पना रुचत नाही, हेही त्यांनी त्यात मान्य केले होते. केवळ मजेसाठी! मला त्या शब्दांचे नवल वाटते. मजेसाठी नाही तर माणूस खेळतो कशासाठी?

शहाणी माणसे अशी का वागतात? एक कारण वेळेचे. मोठा खेळ रचायला चार-पाच वर्षे लागतात आणि बाजारातली हवा दोन वर्षांत बदलते. वाजंत्री ऐकून घरी सदरा शिवायला टाकावा आणि तो घालून बाहेर यावे तो वरात गेलेली, अशी गत होते. दुसरे कारण नजरेचे. प्रकाशकाचे तोंड खेळणाऱ्याकडे नसते, भागधारकाकडे असते. भागधारक विचारतो, ‘नवे काय?’ खेळणारा विचारतो, ‘चांगले काय?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर लगेच देता येते. दुसऱ्याला कष्ट पडतात. आणि शेजारचा धावतो आहे म्हटल्यावर आपण बसून राहिलो तर मागे पडू, ही भीती आहेच.

या धावण्याचा दंड धावणारा एकटा भरत नाही, हे मला अधिक बोचते. ज्या तरुणांनी रात्री जागून तो खेळ रचला त्यांच्या नोकऱ्या आधी जातात. आणि दंड भरतात आईबाप. माझ्या वर्गातल्या मुलांचे वडील पहाटेच्या लोकलने कामाला जाणारे. दिवाळीला पोराच्या हट्टापायी ते जे यंत्र घेतात त्यात पगाराचा मोठा तुकडा जातो. प्रकाशकाने नाद सोडला की त्या यंत्राला नवा खेळ मिळत नाही. मग ते कपाटावर, दिव्यांच्या माळांच्या खोक्याशेजारी धूळ खात पडते. कंपनीच्या हिशेबवहीत तो तोटा म्हणून लिहिला जातो. बापाच्या हिशेबाला वही नसते.

म्हणून ‘जुने ते सोने’ म्हणत नव्याला दार लावा, असे माझे म्हणणे नाही. तसे असते तर शांतारामबापूंचा रंगही आला नसता आणि आजी-नातवाची ती कांडीही. दिवाळीत आमच्या आळीतली पोरे मातीचे किल्ले करतात. अलीकडे त्यांनी किल्ल्यावर बॅटरीचे दिवे बसवायला सुरुवात केली आहे. बुरुज बांधून झाला, मावळे उभे राहिले, आणि मग एकाला वाटले की रात्री हा दिसणार कसा? तेव्हा दिवा आला. आधी दिवा आणून मग त्याच्याभोवती किल्ला बांधायला कुणी बसले नाही. यंदा मुलांसाठी काही नवे घ्यायला निघालात, तर दुकानदाराला यंत्राची ताकद जरूर विचारा; पण त्याआधी घरातल्या मुलाला एवढेच विचारा, ‘बाळ, यात खेळायचे काय?’ तो डोळे मोठे करून सांगत सुटला तर खुशाल घ्या. अडखळला, तर नऊ दिवस थांबा.