मोबाइलवरची मराठी रोमन का झाली?

१/ मराठवाड्याने लिपीची अनेक स्थित्यंतरे पाहिली. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात शासकीय कामकाजाची भाषा उर्दू होती. जुनी मराठी दप्तरे मोडीत, तर पोथ्या बालबोधीत. पुढे देवनागरी शाळेत आणि कचेरीत स्थिरावली. आणि तरीही २००० नंतर नांदेडच्या उमरीतला तरुण आपली मराठी रोमन अक्षरांत लिहू लागला. सक्ती कोणाचीच नव्हती. मग हे घडले कसे? #धागा

२/ संगणकापुरते उत्तर १९८६ मध्येच तयार होते: इनस्क्रिप्ट कळफलक. डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजने आणि ब्राह्मीपासून निघालेल्या भारतीय लिप्यांना एकच मांडणी. परंतु त्यासाठी पूर्ण कळफलक हवा. २००३ चा नोकिया ११०० आठवा. हाताशी केवळ बारा बटणे!

३/ त्या बटणांवर रोमनमध्ये ‘उमरी’ लिहायचे, तर ८ दोनदा, ६ एकदा, ७ तीनदा, ४ तीनदा. चार अक्षरांसाठी नऊ वेळा दाब. देवनागरीत अक्षरे अधिक, शिवाय मात्रा आणि हलन्त वेगळे. बोटांचे श्रम आणखी वाढत.

४/ खरा अडसर मात्र पडद्याआड होता. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावत. रोमन अक्षराला ७ बिट, म्हणून १६० अक्षरे. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला १६ बिट, म्हणून अवघी ७० चिन्हे. मात्राही त्यातच मोजायची. मर्यादा ओलांडली की दुसऱ्या संदेशाचे पैसे. मातृभाषेची लिपी अशी दुपटीहून महाग पडली.

५/ या काटकसरीची किंमत भाषेने मोजली. ‘काल’, ‘काळ’ आणि ‘कळ’ रोमनमध्ये एकसारखेच दिसू लागले. ‘ळ’ आणि ‘ण’ यांची ओळख केवळ संदर्भावर टिकून राहिली.

६/ स्पर्शपडद्याने बटणांची संख्या हा प्रश्नच निकालात काढला. २०१३ मध्ये आयआयटी मुंबईच्या आयडीसीने ‘स्वरचक्र’ आणले. व्यंजनावर बोट ठेवताच त्याची बाराखडी भोवती चक्रासारखी उमलते. येथे यंत्र लिपीच्या स्वभावानुसार घडले. लिपीला यंत्राप्रमाणे वाकावे लागले नाही.

७/ २०१६ च्या आयएस १६३३३ (भाग ३) या भारतीय मानकाने मोबाइलमध्ये हिंदी, इंग्रजी आणि आणखी किमान एका भारतीय भाषेत लिहिण्याची सोय आवश्यक ठरवली. ऑगस्ट २०१७ मध्ये गुगलने मराठीत बोलून लिहिण्याची सोय दिली. आता बटणही नको, बोटही नको.

८/ तरीही जुनी सवय सुटलेली नाही. आजही अनेक जण रोमन अक्षरे दाबतात आणि पडद्यावर देवनागरी उमटते. निजामाच्या काळात लिपी कचेरीने ठरवली. आपल्या काळात ती बारा बटणांनी आणि १४० बाइटांनी ठरवली.

९/ मोडी दप्तरे कापडी रुमालात शतके टिकली. २००० च्या दशकातील रोमन मराठी संदेश, म्हणजे एका पिढीचा पत्रव्यवहार, बंद पडलेल्या फोनमध्ये मिटत चालला आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी तेही अस्सल साधन आहे. घरातला जुना मोबाइल भंगारात देण्यापूर्वी त्यातील संदेश जसेच्या तसे, त्याच लिपीत, तारखेसह उतरवून ठेवा.