मुरमांचे उपचार: वैद्याच्या लेपापासून औषधाच्या चिठ्ठीपर्यंत

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील तेराव्या अध्यायात, क्षुद्ररोगांच्या म्हणजे तुलनेने लहान मानलेल्या विकारांच्या गणनेत, तरुणांच्या मुखावर सावरीच्या काट्यांसारख्या उठणाऱ्या पुळ्यांना मुखदूषिका म्हटले असून कफ, वात आणि रक्त यांच्या दुष्टीतून त्या होतात असे सांगितले आहे. त्यांच्या चिकित्सेत वेखंड, लोध्र, सैंधव आणि मोहरी यांच्या लेपाबरोबर वमनही, म्हणजे औषधाने ओकारी घडवून केलेले शरीरशोधनही, येते. चेहऱ्यावरच्या पुळीसाठी सबंध शरीराचा विचार करणारी ही दृष्टी नंतरच्या कित्येक शतकांपेक्षा अधिक गंभीर होती. शार्ङ्गधरसंहितेने तारुण्यपीटिकांसाठी लोध्र, धणे आणि वेखंड यांचा सुटसुटीत लेप दिला. पुढे शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या ‘आर्यभिषक्’सारख्या ग्रंथांतून वनौषधींचे ज्ञान मराठी घरांत पोचले, तथापि घरात लेप टिकला आणि शोधन वैद्यांकडेच राहिले.

विसाव्या शतकात मुरूम सौंदर्याच्या बाजारात ओढले गेले. केशव विष्णु पेंढरकर यांनी 1952 मध्ये स्थापन केलेल्या विको कंपनीची हळदीचे मलम प्रसाधन की औषध, हा अबकारी कराचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तेथे ते औषधच ठरले. या निर्णयाचे महत्त्व करापुरते नाही, कारण प्रसाधनाचा विषय मानलेल्या विकाराला निदान लागत नाही, अशी समजूत याच सीमारेषेवर वाढली.

वास्तविक मुरूम उठतात ते अँड्रोजन या संप्रेरकांमुळे तैलग्रंथींतील स्राव वाढून, केसाच्या मुळाशी मृत पेशींचा खडा अडकून आणि तेथील जिवाणूंमुळे दाह होऊन. ट्रेटिनॉइन हे जीवनसत्त्व ‘अ’पासून बनलेले औषध 1969 मध्ये अल्बर्ट क्लिगमन आणि सहकाऱ्यांनी मुरमांवर परिणामकारक असल्याचे दाखवले, आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांना अमेरिकेत 1982 मध्ये मान्यता मिळाली. या गोळ्या हट्टी मुरमांवर सर्वांत प्रभावी असल्या तरी गर्भाला गंभीर व्यंग आणू शकतात, म्हणून त्या वैद्यकीय देखरेखीशिवाय घेणे धोक्याचे असते.

धुळ्यात पांझरा नदीपलीकडचे देवपूर हे महाविद्यालयांचे उपनगर आहे, आणि अशा तरुण वस्तीत या इतिहासाचा सर्वांत कठीण भाग दिसण्याची शक्यता अधिक असते. योग्य औषधाचा गुण येण्यास आठ ते बारा आठवडे लागतात, आणि आरंभी त्वचा लाल होऊन सोलते. उलट स्टिरॉइडयुक्त मलम काही दिवसांत चेहरा उजळ आणि नितळ दाखवते, म्हणून मित्राच्या वा दुकानदाराच्या सांगण्यावरून तेच लावले जाते, आणि मग त्वचा पातळ होऊन, रक्तवाहिन्या दिसू लागून, थांबवताच पुळ्या दुप्पट जोराने परततात. त्यांतून उरणारे खड्डे आयुष्यभर राहू शकतात. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या दीर्घ पाठपुराव्यानंतर केंद्र सरकारने 2018 मध्ये चेहऱ्यावर सर्रास लावल्या जाणाऱ्या अशा चौदा स्टिरॉइड मलमांची मोकळीक काढून त्यांना अनुसूची ‘एच’मध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकण्याच्या औषधांत, आणले.