तंत्रज्ञानाचे व्यसन

तंत्रज्ञानाचे व्यसन म्हणजे मोबाइल, इंटरनेट, ऑनलाइन खेळ, समाजमाध्यमे इत्यादींच्या वापरावरील ताबा सुटणे आणि त्यामुळे झोप, अभ्यास, काम, आरोग्य किंवा नातेसंबंध यांची हानी होत असूनही तो वापर थांबवता न येणे. मद्य किंवा अमली पदार्थांच्या व्यसनात बाहेरून द्रव्य शरीरात जाते. येथे तसे होत नसल्याने या विकाराची गणना वर्तनजन्य व्यसनांत केली जाते. केवळ वापराचे तास जास्त असणे म्हणजे व्यसन नव्हे.

संज्ञेचा इतिहास

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ इव्हान गोल्डबर्ग यांनी १९९५ मध्ये ‘इंटरनेट व्यसन विकार’ ही संज्ञा विनोदाने मांडली होती. मानसशास्त्रज्ञ किंबर्ली यंग यांनी मात्र १९९६ पासून या विषयाचा गंभीरपणे अभ्यास केला आणि पुढे २० प्रश्नांची एक चाचणी तयार केली. २०१३ मध्ये अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत ‘इंटरनेट गेमिंग विकार’ हा अधिक संशोधनाची गरज असलेल्या विकारांमध्ये नोंदवला गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीला मे २०१९ मध्ये मान्यता मिळाली व ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तीत ‘गेमिंग विकार’ स्वतंत्र विकार म्हणून समाविष्ट आहे. समाजमाध्यमांच्या किंवा मोबाइलच्या अतिवापराला असे स्वतंत्र स्थान नाही.

लक्षणे व निदान

गेमिंग विकाराच्या निदानासाठी तीन बाबी पाहिल्या जातात : खेळण्यावर नियंत्रण न राहणे, खेळाला इतर आवडी व दैनंदिन कामांपेक्षा अधिक प्राधान्य मिळणे आणि दुष्परिणाम दिसत असूनही खेळणे चालू राहणे किंवा वाढणे. ही स्थिती साधारणपणे १२ महिने टिकलेली असावी लागते. लक्षणे तीव्र असल्यास हा कालावधी कमी धरता येतो. उपकरण दूर केल्यावर चिडचिड, बेचैनी, वापराबाबत खोटे बोलणे, रात्रीचे जागरण आणि मित्रांपासून तुटणे हीही नेहमी आढळणारी लक्षणे आहेत.

कारणे

अनेक उपयोजनांमध्ये बक्षीस केव्हा मिळेल हे अनिश्चित ठेवलेले असते. नवा संदेश, पसंतीची खूण किंवा खेळातील विजय कधी मिळतो, कधी मिळत नाही. अशा अनियमित बक्षिसाने लागलेली सवय मोडणे कठीण असते, हे बी. एफ. स्किनर यांच्या प्राण्यांवरील प्रयोगांतून दिसून आले होते. न संपणारी पाने आणि आपोआप सुरू होणाऱ्या चित्रफिती यांमुळे थांबण्याची स्वाभाविक जागाच उरत नाही. नैराश्य, चिंता, एकटेपणा, अवधानाचा अभाव किंवा घरातील कलह असल्यास पडदा हा आसरा ठरतो. म्हणूनच अतिवापर हा काही वेळा मूळ आजार नसून दुसऱ्या त्रासाचे लक्षण असतो.

उपचार

मद्यपाश सोडवताना संपूर्ण वर्ज्यता हे उद्दिष्ट ठेवता येते. मोबाइलच्या बाबतीत ते बहुधा शक्य नसते, कारण शिक्षण, बँकव्यवहार व नोकरी त्यावर अवलंबून असतात. त्यामुळे एखादा खेळ किंवा उपयोजन पूर्ण बंद करून उर्वरित वापर नियंत्रित करणे, असे उद्दिष्ट सहसा ठरवले जाते.

बोधात्मक वर्तन उपचारपद्धती ही सर्वाधिक अभ्यासलेली पद्धत आहे. तीत रुग्ण आपल्या वापराची नोंद ठेवतो, कोणत्या प्रसंगी व कोणत्या मनःस्थितीत हात मोबाइलकडे जातो हे ओळखतो आणि त्या वेळेसाठी पर्यायी कृती ठरवतो. बदलाची इच्छा डळमळीत असणाऱ्यांसाठी प्रेरणात्मक मुलाखतीचा, तर मुलांच्या बाबतीत कुटुंब समुपदेशनाचा उपयोग होतो. या विकारासाठी खास मान्यताप्राप्त औषध नाही. नैराश्यासारखा सहविकार असल्यास त्यावर औषधे दिली जातात. मोबाइल अचानक हिसकावून घेतल्यास मुलाची आक्रमकता किंवा स्वतःला इजा करून घेण्याचा धोका उद्भवू शकतो, म्हणून नियम मुलाशी बोलून ठरवावेत आणि ते पालकांनीही पाळावेत, असा सल्ला दिला जातो.

पुणे व महाराष्ट्र

पुण्यातील येरवडा येथील मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राची स्थापना डॉ. अनिता (सुनंदा) अवचट व लेखक डॉ. अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी केली. त्यासाठी पु. ल. देशपांडे व सुनीताबाई देशपांडे यांचे साहाय्य लाभले होते. ‘गर्द’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ब्राउन शुगरच्या प्रसाराच्या पार्श्वभूमीवर हे केंद्र सुरू झाले. मुक्ता पुणतांबेकर यांच्या संचालकत्वाच्या काळात तेथे मोबाइल व इंटरनेटच्या अतिवापरासाठीही समुपदेशन होऊ लागले. व्यसनी व्यक्तीला दोषी न मानता आजारी मानणे, समूहोपचार आणि कुटुंबाचा सहभाग ही या केंद्राच्या कार्यपद्धतीची सूत्रे आहेत.

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये सामुदायिक उपाय योजला. कोरोनाकाळातील ऑनलाइन वर्गांनंतर मुलांच्या हातून मोबाइल सुटेना, म्हणून तेथे रोज सायंकाळी ७ वाजता भोंगा वाजवून दूरचित्रवाणी व मोबाइल दीड तास बंद ठेवण्याची प्रथा सुरू झाली. हा नियम मोठ्यांनाही लागू होता. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्याच्या पुसद तालुक्यातील बांशी ग्रामपंचायतीने १८ वर्षांखालील मुलांच्या मोबाइल वापरावर बंदी घालण्याचा ठराव केला.

भारतातील इतर सेवा

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१४ मध्ये ‘शट’ क्लिनिक सुरू केले. तंत्रज्ञानाचा निरोगी वापर हा त्याचा विषय आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत २०१६ पासून वर्तनजन्य व्यसनांचे क्लिनिक चालते. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली असून तिचा क्रमांक १४४१६ आहे.

मतभेद

‘व्यसन’ हा शब्द येथे वापरावा की नाही याबाबत तज्ज्ञांत एकमत नाही. गेमिंग विकाराच्या समावेशालाही काही संशोधकांनी विरोध केला होता. सामान्य छंदावर आजाराचा शिक्का बसेल आणि मूळच्या नैराश्याकडे दुर्लक्ष होईल, असा त्यांचा आक्षेप होता. समर्थकांच्या मते, निदानाला मान्यता मिळाल्याशिवाय खरोखर त्रस्त असलेल्यांना उपचार व विमासंरक्षण मिळणे कठीण असते. वापरकर्त्याच्या संयमाइतकीच उपयोजनांची रचना करणाऱ्या कंपन्यांची जबाबदारी किती, हाही या चर्चेतील महत्त्वाचा प्रश्न आहे.

हेही पहा

व्यसनमुक्ती
अनिल अवचट
वर्तनवाद
समाजमाध्यमे