चाळणीतून निसटलेले अन्न



कोकणातल्या बाजारात पावसाळ्याच्या तोंडावर सुकी मासळी मांडलेली असते, तीत बोंबील आणि सोडे यांच्या शेजारी जवळ्याचाही ढीग असतो. हा जवळा म्हणजे मासा नव्हे. तो कोळंबीच्या कुळातला, समुद्राच्या प्रवाहाबरोबर वाहणारा एक चिमुकला प्राणी आहे. अशा वाहत्या जीवांना शास्त्रज्ञ ‘प्लवक’ म्हणतात. त्यांतले सूर्यप्रकाशावर स्वतःचे अन्न तयार करतात ते वनस्पतिप्लवक, आणि त्यांना किंवा एकमेकांना खाऊन जगतात ते प्राणिप्लवक. जवळा निदान डोळ्यांना दिसतो. बहुतेक प्राणिप्लवक तांदळाच्या दाण्याहूनही लहान असतात. तरीही बांगड्यासारखे मासे त्यांच्यावर पोसले जातात, आणि मोठ्या माशांची पिल्लेही पहिले घास त्यांचेच घेतात.

हे जीव स्वतः काय खातात, आणि ज्या ऋतूत अन्न दिसत नाही त्या ऋतूत कसे जगतात, हा प्रश्न माणसाने कसा सोडवला याचा इतिहास मी आज सांगणार आहे. माझे आयुष्य कामगार संघटनेत गेले; शास्त्राची पदवी माझ्याजवळ नाही. परंतु कोणाच्या पोटात काय जाते आणि ते हिशेबाच्या वहीत का दिसत नाही, हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातलाच आहे. म्हणून या विषयाची ओढ लागली.

आरंभ एका पिशवीपासून होतो. आयर्लंडमधील कॉर्क येथे राहणारे लष्करी शल्यवैद्य जॉन व्हॉन टॉमसन यांनी १८२८ च्या सुमारास बारीक कापडाची पिशवी समुद्रातून ओढून तीत खेकड्यांची पिल्ले पकडली. जानेवारी १८३२ मध्ये ‘बीगल’ जहाजावरून तरुण चार्ल्स डार्विननेही तशीच एक पिशवी ओढली. इतके सुंदर जीव, आणि त्यांचा उपयोग मात्र काही दिसत नाही, याचा त्याला अचंबा वाटला व तो त्याने रोजनिशीत टिपून ठेवला. तोवर हे जीव म्हणजे निसर्गाची एक नवलाई होती. त्यांचा कोणाच्या भुकेशी संबंध असेल, हा विचार पुढच्या पिढीचा.

तो विचार जर्मनीतील कील येथील व्हिक्टर हेन्सेन यांनी केला. हेन्सेन हे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक. मासेमारीचे उत्पन्न कशावर अवलंबून आहे हे त्यांना जाणून घ्यायचे होते. शेतात एकरी किती पीक येते हे जसे मोजता येते तसे समुद्राचे पीकही मोजता आले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. १८८७ साली त्यांनी ‘प्लँक्टन’ हा शब्द रूढ केला आणि १८८९ साली ‘नॅशनल’ नावाच्या जहाजातून अटलांटिक महासागरावर मोहीम नेली. जाळ्यासाठी त्यांनी निवडलेले कापड मोठे मजेदार आहे: पिठाच्या गिरण्यांत पीठ चाळण्यासाठी विणतात ते रेशमी कापड! त्याहून बारीक आणि एकसारख्या भोकांचे कापड त्या काळी मिळणे कठीण होते. जाळ्यात येईल तो प्रत्येक जीव सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचा, असा हा प्रचंड खटाटोप. एर्न्स्ट हेकेल यांनी १८९० साली त्यावर कडक टीका केली. समुद्रात जीव सारखे पसरलेले नसतात, तेव्हा अशी मोजदाद व्यर्थ आहे, असा त्यांचा आक्षेप होता. तथापि मोजण्याची पद्धत टिकली, आणि तिनेच पुढचा पेच उभा केला.

पेच असा की, जमाखर्च जुळेना. समुद्रातल्या प्राण्यांना जगायला किती अन्न लागते याचा अंदाज बांधला, तर जाळ्यात सापडलेल्या वनस्पती त्याला पुऱ्या पडत नव्हत्या. १९०७ नंतरच्या दोनतीन वर्षांत आउगुस्ट पुटर यांनी यावर धाडसी उत्तर दिले. समुद्रातले प्राणी मुख्यतः घास खाऊन जगत नाहीत, तर पाण्यात विरघळलेले सेंद्रिय द्रव्य अंगानेच शोषून घेतात, असे ते म्हणू लागले. पुष्कळ वर्षे या मतावर वाद चालला.

खरे उत्तर हेन्सेन यांच्याच परिवारातील हान्स लोमान यांना सापडले, आणि तेही एका प्राण्याच्या चाळणीत. ऑइकोप्ल्यूरा नावाचा एक शेपटीवाला प्लवक आहे. तो आपल्याभोवती चिकट द्रव्याचे फुग्यासारखे घर बांधतो. घरात अतिशय बारीक जाळ्या असतात. शेपटी हलवून तो त्यांतून पाणी ढकलतो, अडकलेले अन्न खातो, आणि जाळी तुंबली की घर टाकून देऊन नवे बांधतो. दिवसातून कितीतरी वेळा. लोमान यांनी त्या जाळ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा हेन्सेनच्या रेशमी जाळ्यात कधीच न आलेले असंख्य सूक्ष्म जीव त्यांत भरलेले दिसले! त्यांनी समुद्राचे पाणी यंत्रात गरगर फिरवून तळाशी बसलेला गाळ तपासला, आणि १९११ साली या दुर्लक्षित जीवांना ‘नॅनोप्लँक्टन’, म्हणजे बुटके प्लवक, असे नाव दिले.

अन्न समुद्रात होते; विद्वानांच्या चाळणीतून ते निसटत होते. मुंबईच्या गिरण्या जोरात चालत होत्या त्या काळी पहाटे फाटकापाशी बदली कामगार उभा असे. माग त्याच्याही हाताने चाले, पण कायमच्या हजेरीपटावर त्याचे नाव नसे. पटावरची नावे मोजून गिरणीत किती हात राबतात हे सांगणाऱ्याची जी चूक होई, तीच समुद्राच्या हिशेबात झाली होती.

आता ऋतूंकडे वळू. उत्तरेच्या समुद्रात ऋतूंचा फरक तीव्र असतो. हिवाळ्यात दिवस आखूड, वादळांनी पाणी खोलवर घुसळलेले. वनस्पतिप्लवकांना पुरेसा उजेड मिळत नाही. वसंतात ऊन वाढते, वरचा थर स्थिरावतो, आणि हिवाळ्यात खालून वर आलेल्या क्षारांवर डायटम नावाच्या वनस्पतींचा एकदम बहर येतो. मग हिवाळ्यात प्राणी काय करतात? स्कॉटलंडमधील मिलपोर्टच्या सागरी केंद्रात शीना मार्शल आणि ए. पी. ऑर या दोघांनी यावर उभे आयुष्य घातले. त्यांचा विषय कॅलॅनस नावाचा, सुमारे ३ मिलिमीटर लांबीचा प्राणी. तो कोपेपॉड या वर्गातला. हेरिंग माशाचे हे आवडते खाद्य. १९३३ साली त्यांनी निकल्स यांच्यासह लॉख स्ट्रिव्हन या खाडीत वर्षभर पुनःपुन्हा जाऊन नमुने घेतले: कॅलॅनस किती, कोणत्या वयाचे, किती वजनाचे, आणि त्याच वेळी पाण्यात वनस्पती किती.

त्यातून जे चित्र पुरे होत गेले ते असे. वसंतात आणि उन्हाळ्यात कॅलॅनस भरपूर खातो आणि अंगात तेलाची पिशवी भरतो. शरदाच्या सुमारास, प्रौढ होण्याच्या एक पायरी आधी, बहुतेक जीव वाढ थांबवून खोल पाण्यात उतरतात. खुल्या महासागरात तर शेकडो मीटर खाली. तेथे ते जवळजवळ काहीच खात नाहीत. आपल्याकडे पावसाळ्यासाठी सुकी मासळी भरून ठेवतात, तशी यांची बेगमी त्या तेलात असते. हिवाळा सरता सरता ते प्रौढ होऊन वर येतात, आणि मादी किती अंडी घालणार हे तिला किती अन्न मिळते यावर ठरते. दुसऱ्या महायुद्धानंतर मार्शल आणि ऑर यांनी किरणोत्सर्गी फॉस्फरसवर वाढवलेल्या वनस्पती कॅलॅनसला चारून त्याच्या अंगी किती लागते हेही मोजले. १९५५ साली या एका प्राण्यावरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. एडिंबरोच्या रॉयल सोसायटीने १९४९ साली प्रथमच स्त्रियांना सदस्यत्व दिले, त्या पहिल्या तुकडीत शीना मार्शल होत्या.

हा प्राणी घास कसा घेतो, याविषयीही समज बदलली. १९२८ साली ग्रॅहम कॅनन यांनी कॅलॅनसच्या तोंडाजवळच्या केसाळ अवयवांचे वर्णन गाळणीसारखे केले होते. पुढे १९८० च्या सुमारास अतिवेगवान चित्रीकरण साधले, आणि १९८१ साली मिमी केल व रुडी स्ट्रिकलर यांनी दाखवून दिले की इतक्या लहान जीवाला पाणी काकवीसारखे दाट लागते. त्या केसांमधून ते सहज गळत नाही. प्राणी ते अवयव वल्ह्यांप्रमाणे फिरवतो आणि कण असलेला पाण्याचा थेंबच ओढून घेतो. म्हणजे येईल ते गाळून गिळणारे हे मुके यंत्र नव्हे; तो निवडतो. वनस्पती विरळ झाल्या की पुष्कळ कोपेपॉड सूक्ष्म एकपेशीय प्राण्यांकडे वळतात. ऋतूप्रमाणे ताट बदलते.

येथवर उत्तरेची गोष्ट झाली. आपल्या अरबी समुद्रात हिवाळ्याचा काळोख नाही. येथे ऋतू घडवतात ते वारे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांत सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यालगत खोल, क्षारयुक्त पाणी वर येते. हिवाळ्यात उत्तरेकडचा कोरडा वारा समुद्राचा पृष्ठभाग थंड करतो, जड झालेले पाणी खाली बसते आणि खालचे क्षार वर येतात. या दोन्ही वेळी वनस्पती वाढतात. मधल्या काळात, विशेषतः एप्रिल-मेच्या सुमारास, वर गरम पाण्याचा पातळ थर राहतो आणि त्यात क्षार फार थोडे. हा समुद्राचा उपासाचा काळ.

आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम १९६५ पर्यंत चालली. तीत आपल्या नौदलाची ‘कृष्णा’ ही युद्धनौकाही होती. अनेक देशांच्या जहाजांनी एकाच नमुन्याचे जाळे वापरले, आणि गोळा झालेले प्लवक कोचीनच्या केंद्रात आणून गटवार वेगळे करण्यात आले. सूक्ष्मदर्शकावर मान मोडून केलेल्या या कामाशिवाय पुढचे शोध लागले नसते. १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचे मुख्य ठाणे गोव्यात दोना पावला येथे आहे. या संस्थेतील एम. मधुप्रताप आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० नंतरच्या दशकात एक चमत्कारिक गोष्ट मांडली. अरबी समुद्राच्या वरच्या थरात वनस्पतींची निर्मिती ऋतूप्रमाणे पुष्कळ कमीजास्त होते, पण प्राणिप्लवकांचे वजन वर्षभर जवळजवळ तेवढेच राहते! येथले प्राणी कॅलॅनसप्रमाणे एकजात खोल जाऊन झोपत नाहीत. मग उपासाच्या महिन्यांत त्यांना घास कोण पुरवतो?

त्यांनी दिलेले उत्तर पुन्हा चाळणीतून निसटणाऱ्यांकडेच बोट दाखवते. लॉरेन्स पॉमरॉय यांनी १९७४ साली, आणि फारूक आझम व सहकाऱ्यांनी १९८३ साली, समुद्रातली एक दुसरी अन्नवाट मांडली होती. वनस्पतींतून झिरपलेले आणि मेलेल्या जीवांतून सुटलेले द्रव्य पाण्यात विरघळते. ते जीवाणू खातात. जीवाणूंना अगदी सूक्ष्म एकपेशीय प्राणी खातात. त्यांना थोडे मोठे. आणि त्यांना कोपेपॉड. प्रत्येक पायरीवर पुष्कळ भाग खर्ची पडतो, म्हणून ही वाट महागडी आहे. पण मोठ्या वनस्पती नसतात तेव्हा तीच उपयोगी पडते. येथे पुटर यांची आठवण होते. विरघळलेल्या द्रव्यात मोठा साठा आहे, हा त्यांचा तर्क अगदीच पोकळ नव्हता. तो साठा पोटात नेणारे हमाल मात्र त्यांना दिसले नाहीत.

हे सारे विद्वानांचे कोडे म्हणून सोडून देता येत नाही. उत्तर समुद्र तापला तसा १९८० च्या दशकापासून तेथला कॅलॅनस उत्तरेकडे सरकला. त्याच्या जागी आलेल्या भाऊबंदाचा भर वसंताऐवजी वर्षाच्या उत्तरार्धात असतो. कॉड माशाच्या पिल्लांना भूक लागते ती आधी. ग्रेगरी बोग्राँ आणि सहकाऱ्यांनी २००३ साली कॉडच्या घटत्या संख्येचा संबंध या चुकलेल्या वेळेशी जोडला. अतोनात मासेमारीचे ओझे त्यांच्यावर होतेच. आपल्या उत्तर अरबी समुद्रातही २००० नंतर हिवाळ्यात नॉक्टिल्यूका नावाच्या हिरव्या जीवाचे थरच्या थर पसरू लागले आहेत. पूर्वी त्या दिवसांत डायटम असत. डायटमवर चरणाऱ्या कोपेपॉडना हा मोठा जीव मानवत नाही. तो साल्पसारख्या बुळबुळीत प्राण्यांच्या पोटात जातो, आणि त्यांचा आपल्या मासळीला फारसा उपयोग होत नाही.

मासळी कमी झाली की आपण बोटी मोजतो, जाळी मोजतो, बाजारातल्या टोपल्या मोजतो. तेही केलेच पाहिजे. यांत्रिक बोटींच्या हावेचा हिशेब मागणारा मी पहिला असेन. परंतु किनाऱ्यावरच्या कोळणीची टोपली शेवटी भरते ती जवळ्याहूनही लहान जीवांच्या पोटापाण्यावर, आणि ते पोटपाणी वाऱ्याच्या व पाण्याच्या वेळापत्रकावर. ते वेळापत्रक आज हलू लागले आहे. सव्वाशे वर्षांत शास्त्रज्ञांना आपली चाळणी दोनदा बारीक करावी लागली. मासेमारीचे नियम करणाऱ्यांनी तेवढे कष्ट घ्यावेत आणि आपण नागरिकांनी ते त्यांच्याकडून करवून घ्यावेत, एवढेच मागणे आपल्यापुढे ठेवून मी आपली रजा घेतो.