ओरेगनची फाशी: घटनेत लिहिणे आणि घटनेतून पुसणे

भारतातील राज्यांना स्वतःची राज्यघटना नाही, आणि फौजदारी कायदा समवर्ती सूचीत येतो. त्यामुळे ‘एका राज्याने घटनादुरुस्ती करून फाशी बंद केली’ हे वाक्य तुम्हाला खटकेल. अमेरिकेत मात्र प्रत्येक राज्याची वेगळी घटना असते. ओरेगनमध्ये तर 1902 पासून मतदार सह्या गोळा करून घटनादुरुस्ती थेट मतदानाला आणू शकतात.

तेथील राज्यपाल (हे पद तिकडे निवडणुकीने मिळते) ऑस्वल्ड वेस्ट फाशीचे कडवे विरोधक होते. 1912 मध्ये फाशी रद्द करण्याचा प्रस्ताव मतदानात पडला, आणि त्याच डिसेंबरात एका दिवशी चौघांना फाशी झाली. 1914 मध्ये प्रस्ताव पुन्हा आला. बाजूने 1,00,552 मते, विरोधात 1,00,395. फरक फक्त 157 मतांचा! आपल्याकडचे दोन-तीन वर्ग भरतील एवढीच माणसे. पण तेवढ्यावर फाशीबंदी घटनेत गेली.

ती सहाच वर्षे टिकली. मे 1920 मध्ये मतदारांनी बंदी तर काढलीच, शिवाय पहिल्या श्रेणीच्या खुनाला देहदंड ही शिक्षाच घटनेत लिहिली. एरवी असा मजकूर दंडसंहितेत असतो.

नोव्हेंबर 1964 मध्ये सुमारे 60 टक्के मतदारांनी ते कलम रद्द केले. राज्यपाल मार्क हॅटफिल्ड यांनी लगेच तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली. इथे जरा थांबा, कारण घाईत वाचणारा इथेच चुकतो. 1914 मध्ये घटनेत मनाई लिहिली होती; 1964 मध्ये फक्त जुना मजकूर पुसला. मनाई पुन्हा लिहिली नाही. म्हणून 1978 मध्ये फाशी परत आणायला मतदारांना घटनेला हातही लावावा लागला नाही, साधा कायदा पुरला. तो कायदा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1981 मध्ये रद्द ठरवला, तेव्हा 1984 मध्ये मतदारांनी पुन्हा घटनाच बदलून फाशीची वाट मोकळी केली.

याच्याशेजारी मिशिगन ठेवून पाहा. तिथे 1846 च्या साध्या कायद्याने खुनासाठीची फाशी गेली, देशद्रोहाचा अपवाद राहिला. 1963 च्या नव्या घटनेने तो अपवादही मिटवला आणि देहदंडाचा कोणताही कायदा करायला विधिमंडळाला मनाई केली. ती आजही लागू आहे.

ओरेगनमध्ये डिसेंबर 2022 मध्ये राज्यपाल केट ब्राऊन यांनी फाशीच्या सर्व 17 कैद्यांना जन्मठेप दिली. घटनेतील 1984 चे कलम मात्र त्यांच्या अधिकारात नव्हते.