एकरंगी संचातील साहाय्यक मंत्र
‘मॅजिक : द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळात एकाच रंगाच्या संचातील प्राण्यांना बळ देणारे किंवा त्यांची वाट मोकळी करणारे पत्ते. रिचर्ड गारफिल्ड यांनी रचलेला हा खेळ १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पांढरा, निळा, काळा, लाल व हिरवा असे पाच रंग आहेत. स्पर्धेच्या अनेक प्रकारांत संच किमान ६० पत्त्यांचा असतो आणि माना (मंत्र खेळण्यासाठी लागणारी ऊर्जा) देणाऱ्या मूलभूत जमिनी सोडल्यास एका नावाचे जास्तीत जास्त चार पत्ते घेता येतात.

एकरंगी संचात हव्या त्या रंगाचा माना हमखास मिळतो. मात्र त्या रंगाची उणीवही पदरी येते. म्हणून साहाय्यक मंत्र निवडताना प्रथम ती उणीव पाहावी. हिरव्या रंगाचे प्राणी बलदंड असतात, पण शत्रूचा प्राणी थेट मारणारे मंत्र त्यात मोजकेच. ही कसर ‘प्रे अपॉन’ भरून काढतो : एका मानात आपला प्राणी प्रतिस्पर्ध्याच्या प्राण्याशी झुंजतो.

‘जायंट ग्रोथ’ हा एका मानाचा तात्काळ मंत्र प्राण्याला ती पाळी संपेपर्यंत +३/+३ (आघात/सहनशक्ती) बळ देतो. २/२ प्राण्याला ३/३ प्राण्याने अडवल्यानंतर हा मंत्र खेळला, की आपला प्राणी ५/५ होऊन वाचतो व समोरचा मरतो. मात्र असे मंत्र प्राण्यांवाचून निरुपयोगी ठरतात. त्यामुळे प्राण्यांची संख्या आधी ठरवून उरलेल्या जागीच ते घ्यावेत. ‘नॅचरलाइझ’सारखे प्रसंगविशेषी पत्ते १५ पत्त्यांच्या राखीव संचात ठेवणे श्रेयस्कर.